घरटी लुटणारा काळा गरुड

प्रश्न : कोयनेच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांलगत, पंख फारसे न हलवता संथपणे फिरणारा मोठा काळा पक्षी दिसतो. ती घार असते का? – एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : नाही, घारीची शेपटी दुभंगलेली असते. आपल्या वर्णनावरून तो काळा गरुड असावा. पिवळे पाय आणि पंखांच्या टोकाशी बोटांसारखी फाकलेली पिसे पाहून खात्री करावी. त्याची ही संथ फेरी पानांआडची घरटी हेरण्यासाठी असते. अंडी व पिल्ले हा त्याच्या आहाराचा मोठा भाग असून, नख्या इतर गरुडांच्या मानाने कमी वाकड्या असल्याने तो कधीकधी अख्खे घरटेच उचलून नेतो, म्हणजे दरोडाच म्हणायचा. स्वतःचे घरटे मात्र तो दाट रानातील उंच झाडावर बांधतो.