दांड्यावरून सटकलेली कुऱ्हाड

प्रश्न : मी देवगडला आंबा निर्यातीचा पत्रव्यवहार बघते. पैसे रखडले म्हणून जरा कडक मेल पाठवली, तर समोरून उत्तर आलं, 'प्लीज डोन्ट फ्लाय ऑफ द हँडल'. आमचे एक सहकारी म्हणतात, गाडीचं हँडल सुटतं त्यावरून हे आलंय. खरं का?

नाही. मोटरसायकल जन्माला यायच्या कितीतरी आधीचा हा वाक्प्रचार आहे. हँडल म्हणजे इथे कुऱ्हाडीचा दांडा; त्यावरून पातं उडावं तसं माणूस एकदम भडकतो. मूळ अमेरिकेतलं. रानं तोडून वस्ती करणाऱ्यांच्या हातात कुऱ्हाड कायम असायची, आणि 1840च्या दशकात आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या हॅलिबर्टन या न्यायाधीश-लेखकाच्या लिखाणात तो रागाच्या अर्थाने छापलेला सापडतो.

आगोटीची लाकडं फोडताना आपल्याकडेही हे घडतं. वैशाखात दांडा सुकून आकसतो, पात्याच्या भोकात ढिला होतो आणि ऐन घावाला पातं निसटतं. लहानपणी आमच्या मागीलदारी ते एकदा उडून थेट पोफळीच्या बुंध्यात रुतलं होतं. फोडणाऱ्या काकांच्या हातात नुसता दांडा! मग पाचर ठोकायची आणि रात्रभर कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून पातं घट्ट बसतं.

आता तुमची मेल. या वाक्प्रचारात नुसता राग नाही, 'एवढ्याशा कारणावरून एकदम भडकणं' आहे. म्हणजे तुमचा राग अवाजवी आहे, असं त्या गृहस्थांनी सुचवलंय. थकलेले पैसे मागणाऱ्याला असं लिहिणं मला तरी उर्मटपणाचं वाटतं. उत्तरात बिलांच्या तारखा आणि रकमा तेवढ्या लिहा.

प्रश्न : 'ऑफ द रेल्स' म्हणजेही हेच ना? आमच्याकडे कोकण रेल्वे आहे, म्हणून ते लक्षात ठेवायला सोपं जातं. (विद्यार्थी, रत्नागिरी)

लक्षात ठेवा, पण हे वेगळं. रुळावरून घसरतं ते आयुष्य, वागणूक किंवा एखादी योजना, आणि बहुधा हळूहळू. कुऱ्हाड क्षणात उडते. बारावीनंतर वाईट संगतीला लागलेला मुलगा 'ऑफ द रेल्स'; चहात साखर कमी म्हणून कप आपटणारे त्याचे वडील 'ऑफ द हँडल'.

प्रश्न : 'फ्लाय ऑफ द हँडल'ला मुलांना मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा? मार्गदर्शकात 'क्रोधित होणे' असं आहे. (शिक्षिका, दापोली)

ते पुसून टाका, बाई. 'क्रोधित' पौराणिक नाटकातले दुर्वास होतात. 'डोक्यात राख घालून घेणे' जवळचं आहे, पण त्यात रुसणं-फुगणं आणि निघून जाणंही येतं. 'तळपायाची आग मस्तकात जाणे' यात रागाला बहुतेकदा सबळ कारण असतं, म्हणून तेही नेमकं नाही. 'तोल जाणे' चालेल, जरा सभ्य आहे. माझी पसंती मात्र पोरांच्याच तोंडात असलेल्या 'सटकणे'ला. 'त्याची सटकली' म्हणताना नेमकं काय सटकलं ते कोणी सांगत नाही, पण चित्र तेच: पकडीत बसलेली वस्तू अचानक निसटली. पेपरात लिहायला तो शब्द बरा दिसणार नाही, तिथे 'एकदम भडकणे' लिहू द्या.

एक सावधगिरी. मुलं हुशारीने 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' लिहून मोकळी होतील. दांडा तोच, अर्थ निराळा: ती आपल्याच माणसांवर उलटणाऱ्याची गोष्ट आहे.

प्रश्न : मालवणात आमचं होमस्टे आहे. एका पाहुण्याने लिहिलंय, 'द ओनर फ्लू ऑफ द हँडल'. मी हात उगारला, असा अर्थ होतो का?

नाही. 'फ्लू' हा 'फ्लाय'चा भूतकाळ. तुम्ही भडकलात, एवढंच त्यात आहे; मारहाण नाही. कोणावर ते सांगायला पुढे 'अ‍ॅट' येतं, कशावरून ते सांगायला 'ओव्हर'. त्यांनी पुढे 'ओव्हर अ वेट टॉवेल' असंही लिहिलंय, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय. ओल्या टॉवेलवरून?