मंगळाचे फोटो खरे असतात, की संगणकावर रंगवलेले?

तुम्ही विचारलंय की एका फोटोत मंगळावरची वाळू निळीशार दिसते, दुसऱ्यात सगळं विटकरी, आकाश कुठे गुलाबी तर कुठे चक्क आपल्यासारखं, मग यातलं खरं कोणतं? थोडक्यात सांगायचं तर जमीन खरी, रंग ठरवून दिलेला. पण ठरवून म्हणजे मनाला येईल तसा नव्हे.

माझं पोट याच कामावर चालतं, फक्त मंगळाऐवजी लातूर-धाराशिवकडच्या रानांवर. उपग्रहाच्या चित्रांवरून पाणलोटाचे आणि पिकांचे नकाशे करतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही उपग्रह टिपतो, आणि हिरवंगार पीक हा प्रकाश भरपूर परत फेकतं. पडद्यावर दाखवायचा तर त्याला कोणता तरी रंग द्यावाच लागतो, रिवाजानं लाल देतात. त्यामुळे जानेवारीतल्या चित्रात मांजरा काठचा ऊस लालभडक दिसतो. गावात असा नकाशा भिंतीवर लावला की मागून कुणीतरी विचारतंच, "सायेब, आमच्या उसावर तांबेरा पडलाय का?" पडलेला नसतो. उलट जितका लाल, तितका ऊस जोमात.

निळ्या वाळूचंही तेच. असे फोटो बहुतेक वेळा नासाच्या 'मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर' यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचे असतात. हे यान २००६ पासून मंगळाभोवती फिरतंय. अर्ध्या मीटरचा आरसा, उंची साधारण ३०० किलोमीटर, आणि चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे २५ ते ३० सेंटिमीटर. हा कॅमेरा मोबाइलसारखा एका झटक्यात फोटो काढत नाही. तिफण जशी रानात तास धरून पुढे सरकते, तसं यान पुढे जाईल तशी एकेक ओळ टिपली जाते आणि ओळीला ओळ लागून सहा किलोमीटर रुंदीचा पट्टा तयार होतो. त्यात रंगाची माहिती फक्त मधल्या सव्वाएक किलोमीटरपुरती असते, बाकीचा भाग एकाच लाल गाळणीतून घेतलेला, म्हणजे पडद्यावर काळा-पांढरा. मूळ चित्रात मधोमध रंगीत पट्टी आणि दोन्ही बाजूंना करडं दिसतं ते यामुळे.

त्या पट्टीतही रंग तीनच: निळा-हिरवा, लाल आणि अवरक्त. ते अनुक्रमे निळे, हिरवे, लाल म्हणून दाखवतात आणि वर फरक ठळक करतात. मंगळावर गंजलेली तांबूस धूळ सगळीकडे पसरलेली आहे. जिथे ती बसलेली नाही तिथली उघडी बेसाल्टची वाळू या हिशेबात निळी होते. तिथे जाऊन बघितली तर काळपट, करडी दिसेल. वेरूळचं कैलास लेणं ज्या काळ्या पाषाणात कोरलंय, त्याच जातीचा हा दगड. आपल्याकडे झिजून त्याची काळी कसदार माती झाली, तिकडे गंजाची धूळ.

फोटो किती जवळचा आहे, हेही बघत जा. जालन्याहून मंठ्यावरून गेलं की लोणार लागतं (जिल्हा बुलढाणा, विदर्भवाल्यांनी रागावू नये). ते विवर अंदाजे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि बेसाल्टमध्येच पडलेलं, म्हणून मंगळाच्या विवरांशी तुलना करायला शास्त्रज्ञ तिथे येतात. तसं विवर मंगळावर असेल तर हायराइजच्या चित्रात ते या काठापासून त्या काठापर्यंत सहा ते सात हजार ठिपक्यांचं होईल. आपलं मंगळयान २०१४ मध्ये पोचलं, पण त्याची कक्षा फार लांबट होती. ७० हजार किलोमीटरपलीकडून काढलेल्या त्याच्या चित्रात एकेक ठिपका काही किलोमीटरचा, तिथे लोणारएवढं विवर दिसायचंच नाही. म्हणून त्याचे फोटो कमअस्सल ठरत नाहीत. मंगळाचा अख्खा गोळा एका चौकटीत पकडणं हायराइजला जमत नाही, आणि मंगळयानाचा कॅमेरा लाल-हिरवा-निळा असा साधाच असल्यामुळे त्याचे रंग आपल्या नजरेला जवळचे आहेत.

आता 'रंगवलेले' म्हणालात म्हणून सांगतो, एक चित्र खरोखरच हातानं रंगवलेलं होतं! जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि त्यानं २१ पूर्ण चित्रं आणि २२व्याचा थोडा भाग पाठवला. एक चित्र २०० बाय २०० ठिपक्यांचं, आणि येण्याचा वेग सेकंदाला सव्वाआठ बिट. एकेका चित्राला आठ तास लागायचे. संगणक चित्र तयार करेपर्यंत कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतल्या लोकांना धीर निघेना. त्यांनी आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवून चक्क खडूनं भरत गेले. मूळ माहितीत रंग नव्हताच, फक्त उजेड किती, याचे ० ते ६३ आकडे. तरी ते चित्र खोटं म्हणता येत नाही, कारण प्रत्येक ठिपक्याला त्याच्याच आकड्याचा रंग मिळालाय. मला विचाराल तर हायराइजच्या सगळ्या चकचकीत चित्रांपेक्षा हे खडूचं चित्र भारी आहे.

आकाशाचं म्हणाल तर १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग १ यानाच्या पहिल्या रंगीत चित्रात ते निळसर आलं होतं आणि नंतर दुरुस्त करून पिवळट-गुलाबी केलं. या कामासाठी उतरणाऱ्या यानांवर आधीच माहीत असलेल्या रंगांची पाटी बसवलेली असते, तिचा फोटो काढून बाकीचे रंग जुळवतात. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीच्या पाटीखाली तर चुंबकं आहेत, धूळ बाजूला ओढली जावी म्हणून. सूर्यास्ताला सूर्याभोवती निळसर छटा येते, ती मात्र खरी, बारीक धुळीमुळे. आणि भर दुपारी आकाश पृथ्वीसारखं दिसत असेल तर तो फोटो मुद्दाम आपल्या उजेडात दिसेल तसा केलेला असतो, भूशास्त्रज्ञांना दगड ओळखायला सोपं जावं म्हणून. हे मूळ फोटोखाली लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बातम्यांत नेमकी तीच ओळ कापतात आणि वर 'मंगळावर निळं वाळवंट' असा मथळा टाकतात, त्याचा मला राग येतो.

तुम्ही पाहिलेल्या फोटोखाली 'वर्धित रंग' किंवा 'आभासी रंग' असं काही लिहिलंय का बघा. हायराइजची मूळ चित्रं ॲरिझोना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कोणत्या जागेचा फोटो काढावा हे तिथे तुम्हीसुद्धा सुचवू शकता, फक्त नंबर लागायला वेळ लागतो.