दंडावरचे फुगे आधी काढा

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पोहण्याच्या उन्हाळी वर्गात दंडाला हवेचे फुगे बांधले की मजेत हातपाय मारते. काढले की सरांच्या गळ्याला मिठी मारून रडते. पुन्हा बांधावेत का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : बांधू नका. दंडावरचे फुगे मुलाला पाण्यात उभं धरतात : डोकं वर, पाय खाली, सायकल मारल्यासारखे. पोहायला शरीर आडवं लागतं. महिनाभर उभं राहायची सवय लागली की फुगे काढताच मूल बुडतं, म्हणून ते घाबरतं. शिवाय हे फुगे जीव वाचवायचं साधन नाही. हवा गळते, ओल्या दंडावरून निसटतात.

या वयात हात मारायला शिकवायची घाई नको. आधी पाठीवर तरंगणं आलं पाहिजे. तुम्ही गळ्यापर्यंत पाण्यात वाका, मुलीचं डोकं तुमच्या खांद्यावर, तिचं तोंड आकाशाकडे. कानात पाणी गेलं की मुलं दचकून मान उचलतात. मान उचलली की कंबर खाली जाते आणि नाकातोंडात पाणी शिरतं. सगळं इथंच अडतं. म्हणून घरी आंघोळीच्या वेळी तिला मान मागे करायला लावून मगने कानांवरून पाणी सोडा, रोज. कान भिजायची सवय झाली की तलावात डोकं खांद्यावरून तळहातावर घ्या, दुसरा हात पाठीखाली. 'पोट वर' एवढंच सांगा आणि पाठीखालचा हात हळूहळू काढा. तीन आकडे मोजेपर्यंत तरंगली तरी त्या दिवसाला पुरे.

त्यानंतर पाठीवरून पालथं होऊन काठ पकडणं आणि काठ धरून बाजूबाजूने शिडीपर्यंत सरकणं. चुकून पाण्यात पडली तर हेच कामी येईल.

कोणी 'एकदा बुडवलं की भीती जाते' म्हणून डोकं दाबत असेल, तर वर्ग बदला. भीती वाढते, पाणी पोटात जातं ते वेगळंच.

प्रश्न : लहान मुलाची पोहण्याची सकाळी सहाची बॅच, पाऊण तास. बाहेर येतो तेव्हा ओठ निळे असतात. चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. लहान शरीर फार लवकर गार पडतं. या वयाला 30 ते 32 अंश सेल्सिअस पाणी आणि जास्तीत जास्त अर्धा तास योग्य. उघड्या तलावाचं पाणी पहाटे सर्वांत थंड असतं, संध्याकाळची बॅच घ्या. कुडकुडायला लागला की लगेच बाहेर काढून कोरडं करा.

प्रश्न : तरंगायला आलं की एकटं सोडता येईल का? – एक आई, ठाणे

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मूल वर्षाचं झाल्यावर पोहण्याचे वर्ग लावता येतात असं सांगते, पण बुडण्यापासून पूर्ण संरक्षण मिळतं असं म्हणत नाही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. हात पोहोचेल इतक्या अंतरावर मोठं माणूस हवं, मोबाइल पिशवीत. घरातली भरलेली बादली आणि पिंपसुद्धा झाकून ठेवा.