वाचकांचे प्रश्न : एनएफएल ड्राफ्टचा अंदाज बांधताना

प्रश्न : आम्ही सहा मित्र दर एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएलच्या, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचा अंदाज लिहून ठेवतो. कॉलेजच्या सगळ्यात चांगल्या ३२ खेळाडूंची यादी करायची आणि ती संघांच्या क्रमाला जोडायची, अशी आमची पद्धत. दोन-तीनच्या वर जोड्या जुळत नाहीत. चुकतं कुठे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चूक पहिल्याच पायरीवर आहे. तुम्ही खेळाडूंपासून सुरुवात करता, ती संघांपासून करायला हवी. आयपीएलच्या लिलावात एका खेळाडूसाठी चार संघ हात वर करतात. आपल्या बाजार समितीत कांद्याच्या एका वक्कलावर दहा व्यापारी बोली लावतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, बोलीच नसते. पाळी आली की संघाने एक नाव सांगायचं, खेळाडू त्याचा. त्या घडीला बाजारात गिऱ्हाईक एकच. तेव्हा सगळ्यात चांगला माल कोणता हे नंतर बघा, आधी त्या गिऱ्हाइकाच्या घरात काय संपलंय ते बघा.

पाळी कशी लागते तेही पक्कं करून घ्या. प्लेऑफला न पोचलेले १८ संघ आधी, त्यात सगळ्यात वाईट कामगिरीचा पहिला. कामगिरी सारखी असेल तर ज्याचे प्रतिस्पर्धी एकूण दुबळे होते तो वर. मग प्लेऑफमधून जे जसे बाहेर पडले तसे, आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणारा ३२वा. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी २०२४च्या मोसमाचा शेवटचा सामना बफेलो बिल्सविरुद्ध जिंकला आणि हाताशी आलेला पहिला क्रमांक जाऊन चौथा मिळाला. एका विजयाची एवढी किंमत!

आता प्रत्येक संघाला वहीचं एक पान द्या. वर मैदानावरच्या जागा लिहा : क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा), डावा टॅकल, उजवा टॅकल (त्याची राखण करणारे), रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), एज रशर (कडेने घुसून क्वार्टरबॅकला गाठणारा), कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) आणि बाकीच्या. प्रत्येक जागेखाली सध्याचा खेळाडू, त्याचं वय आणि करार कोणत्या वर्षी संपतो ते. कराराचं वर्ष बहुतेक जण सोडून देतात. ते सोडू नका, कारण संघ यंदाचीच नव्हे तर पुढच्या वर्षी रिकामी होणारी जागाही आज भरत असतो. मार्चच्या मध्यापर्यंत मात्र खेळाडूंची नावं जोडायला बसू नका. तेव्हा करारमुक्त खेळाडूंची खरेदी सुरू होते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच निम्मे रकाने बदलतात.

उदाहरणाला २०२५चे पेट्रियट्सच घेऊ. क्वार्टरबॅक ड्रेक मे त्यांनी आदल्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला, तो रकाना बंद. मार्चमध्ये बचावफळीच्या मध्यभागी मिल्टन विल्यम्स आला, चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर. कॉर्नरला कार्लटन डेव्हिस, एजला हॅरोल्ड लँड्री, उजव्या टॅकलला मॉर्गन मोझेस. आता पान बघा. तरुण क्वार्टरबॅकच्या पाठीमागच्या बाजूची राखण करणारा डावा टॅकल, हीच मोठी जागा उघडी. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या विल कॅम्पबेलचा हात इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचण्यांत, ३२ पूर्णांक ५/८ इंच भरला होता. टॅकलसाठी ३३ इंच धरतात, म्हणून ‘याला गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा खेळाडू) करावं लागेल’ अशी चर्चा रंगली. पेट्रियट्सनी चौथ्या क्रमांकावर त्यालाच घेतलं. बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा मेसन ग्रॅहम लगेच पुढच्या क्रमांकावर क्लीव्हलंड ब्राउन्सकडे गेला. पेट्रियट्सच्या पानावर त्याची जागा मार्चमध्येच भरलेली होती.

ही वहीसुद्धा कधी कधी फसते. २०२४च्या मार्चमध्ये अटलांटा फाल्कन्सनी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला १० कोटी डॉलरची हमी देऊन आणलं. सगळ्यांनी तो रकाना खोडला. एप्रिलमध्ये आठव्या क्रमांकावर त्याच संघाने मायकेल पेनिक्स ज्युनियर हा क्वार्टरबॅकच घेतला. पण वयाचा रकाना वाचला असता तर निदान शंका आली असती : कझिन्स ३५ वर्षांचा, आणि आदल्या ऑक्टोबरात त्याच्या टाचेची अकिलीस शीर तुटलेली. त्याच वर्षी डिसेंबरात तो बाकावर बसला आणि पेनिक्स मैदानात उतरला.

शेवटी जागांचे भाव. क्वार्टरबॅक, टॅकल, एज, रिसीव्हर, कॉर्नर हा महागडा माल, तो लवकर उचलला जातो. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे राहणारा) आणि गार्ड यांना तेवढाच चांगला खेळ असूनही थांबावं लागतं. २०२४च्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही, एकही सेफ्टी गेला नाही. २०२५ला अॅश्टन जेंटी हा रनिंग बॅक सहावा गेला, पण असा खेळाडू रोज येत नाही. तुमच्या यादीत पहिल्या वीसमध्ये दोन सेफ्टी असतील तर एक आताच खाली सरकवा.

प्रश्न : संघ आपापसांत क्रमांकांची अदलाबदल करतात आणि आमचा सगळा तक्ता कोसळतो. अदलाबदल आधी ओळखता येते का?
— होटगी रोडवरील वाचक

उत्तर : नेमकी ओळखता येत नाही, पण पटण्यासारखी कोणती आणि बिनबुडाची कोणती, हे आकड्यांनी तपासता येतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनी प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता केला. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावाने तो आजही ओळखला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६००, पाचव्याला १७००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९० गुण. आता बरेच संघ स्वतःचे नवे तक्ते वापरतात, पण घरी तपासायला हा पुरतो.

२०२५ला जॅक्सनव्हिल जॅग्वार्स पाचव्यावरून दुसऱ्यावर चढले आणि ट्रॅव्हिस हंटरला घेतलं. त्यांनी ब्राउन्सना पाचवा क्रमांक दिला (१७००) आणि ३६वा दिला (५४०). बेरीज २२४०. दुसऱ्याचे २६००, म्हणजे ३६० कमी. त्यापोटी २०२६चा पहिल्या फेरीचा हक्क गेला. पुढच्या वर्षीचा हक्क एक फेरी खाली धरायची रीत आहे. दुसऱ्या फेरीच्या मधला ४८वा क्रमांक ४२० गुणांचा, म्हणजे हिशेब साधारण जुळतो. दोन्हीकडून खालच्या फेऱ्यांतले काही क्रमांकही बदलले गेले, पण त्यांचं वजन नगण्य.

तक्त्यात दोनपेक्षा जास्त अदलाबदली लिहू नका. एक चुकली की खालचे चार-पाच क्रमांक तिच्याबरोबर जातात. लिहायचीच तर फेरीच्या शेवटाकडे लिहा. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, वर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. दुसऱ्या फेरीला ती सोय नाही. म्हणून क्वार्टरबॅक हवा असलेले संघ ३२वा क्रमांकही मिळवायला बघतात. २०१८ला बाल्टिमोर रेव्हन्सनी फिलाडेल्फिया ईगल्सकडून तो घेऊन लमार जॅक्सनला उचललं.

प्रश्न : २०२५ला क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्सचं नाव सगळीकडे पहिल्या फेरीत होतं. तो थेट १४४वा गेला. असा अंदाज कोण बांधणार?
— अशोक चौकातील वाचक

उत्तर : पाचवी फेरी कुणीच लिहिली नसती. पण ‘पहिल्या फेरीत नाही’ एवढं लिहिता आलं असतं. रिसीव्हर एका संघात तीन खेळतात, क्वार्टरबॅक एकच. म्हणून त्याचा भाव पायरीपायरीने उतरत नाही, तो एकदम पडतो. ज्या तीन-चार संघांच्या पानावर ती जागा रिकामी आहे त्यांनी पाठ फिरवली की पुढे गिऱ्हाईकच उरत नाही. त्या वर्षी पहिल्या फेरीत दोनच गेले : कॅम वॉर्ड पहिला, जॅक्सन डार्ट २५वा. प्रत्येक क्वार्टरबॅकसमोर गरजू संघांची नावं लिहा. तीनपेक्षा कमी भरली तर त्याला पहिल्या फेरीबाहेर ठेवायचा धोका पत्करा. आणि दुसऱ्यांचे तक्ते बघून नावं भरू नका. ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. वीस तक्त्यांवर एकच नाव दिसलं म्हणजे वीस पुरावे झाले नाहीत.

प्रश्न : कंबाइनमधल्या ४० यार्डांच्या धावेला किती महत्त्व द्यावं?
— विजापूर रोडवरील वाचक

उत्तर : रिसीव्हर आणि कॉर्नरसाठी बऱ्यापैकी, इतरांसाठी थोडंच. रिसीव्हर झेवियर वर्दीने २०२४ला ४.२१ सेकंदांचा विक्रम केला, तरी तो २८वा गेला. दुखापतीचे अहवाल यापेक्षा जड असतात, पण ते आपल्यापर्यंत क्वचितच पोचतात. चांगला खेळाडू विनाकारण घसरतोय असं दिसलं तर आधी तीच शंका घ्या.

प्रश्न : सोलापुरात बसून थेट बघायचं तर किती वाजता? आणि आमच्या सहा जणांत गुण कसे द्यावेत?
— पहिलेच वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिली फेरी तिकडे गुरुवारी रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला. २०२५ला प्रत्येक निवडीला दहा मिनिटं होती. फेरी उरकायला नऊ वाजून गेले होते, तेव्हा कामावर जायच्या बेताने बसा. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचारला, उरलेल्या चार शनिवारी रात्री साडेनऊला.

खेळाडू पहिल्या फेरीत गेला की एक गुण, संघही बरोबर असला तर आणखी दोन, एकूण ९६. क्रमांक जुळण्याला वेगळे गुण देऊ नका, अदलाबदलीमुळे त्यात नशीबच जास्त. कागद जमा करायची वेळ पहाटे पाचची ठेवा, कारण शेवटच्या बातम्या आपल्या रात्रीत येतात. फेरी सुरू झाली की सगळ्यांचे फोन पालथे. पत्रकार नाव टीव्हीच्या आधीच फोडतात.