रोल सोपाय म्हणे, मग स्वतःच करून बघू का?

प्रश्न : सर, माझ्याकडे प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, साधं ट्रेनर विमान उडवतो. आता लूप (हवेत उभं वर्तुळ मारणं), रोल (विमान नाक-शेपटीच्या अक्षाभोवती पूर्ण फिरवणं) शिकायचेत. मित्र म्हणतो रोल काय सोपाय, भरपूर उंची घे आणि एकटाच मारून बघ. शिवाय पोटात ढवळेल अशी धाकधूक आहेच. काय करू?

उत्तर : मित्राचं अजिबात ऐकू नका. रोल सोपाच असतो हो, बिघडेपर्यंत! नवशिक्याचा रोल अर्ध्यात अडकतो, विमान उलटं, नाक खाली जायला लागतं आणि हात आपसूक स्टिक (कंट्रोलचा दांडा) मागे ओढतो, कारण आजवर नाक वर आणायला तेच केलेलं असतं. पण उलट्या विमानात ओढलं की नाक थेट जमिनीकडे, स्पीड भराभर वाढतो, सावरायला अजून ओढावं लागतं आणि मग एकतर जी-लिमिट (विमान वजनाच्या किती पट भार सोसेल ती मर्यादा, १ जी म्हणजे नेहमीचं वजन) ओलांडली जाते नाहीतर उंची संपते. तिथे खरं तर ओढ सैल सोडून उरलेला रोल पूर्ण करायचा असतो, पण हे वाचून येत नाही, इन्स्ट्रक्टर सोबत असतानाच हाताला लागतं.

दुसरं म्हणजे विमान. नॉर्मल कॅटेगरीचं विमान साधारण प्लस ३.८ जी पर्यंतचं, आणि साध्या लूपलाच ३.५ ते ४ जी लागतात, म्हणजे हिशोब तिथेच संपला. अ‍ॅरोबॅटिकवालं (कसरतींसाठीचं) प्लस ६, मायनस ३ चं असतं. डेकॅथलॉनसारखं विमान मिळालं तर उत्तम, पिट्स विमान नंतर बघू, ते फार चपळ.

आणि लूपच्या आधी इन्स्ट्रक्टरकडून स्पिन (स्टॉल होऊन गिरक्या घेत खाली जाणं) मागून घ्या. त्यातून सुटायला पॉवर बंद, एलरॉन (पंखांवरच्या, रोल करवणाऱ्या पट्ट्या) न्यूट्रल, गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीवरची उभी पट्टी) पूर्ण, स्टिक पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्ये आणून हळूच नाक वर घेऊन बाहेर. (तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तेच खरं.) एक गोष्ट बऱ्याच जणांना धक्का देते, ४ जी खेचताना स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग) दुप्पट होतो, ५० नॉटला स्टॉल होणारं विमान १०० ला होतं!

ढवळण्याचं म्हणाल तर सुरुवातीला बहुतेकांना होतं. उपाशी जाऊ नका, सुरुवातीचे धडे वीसेक मिनिटांचेच ठेवा, कंट्रोल स्वतःच्या हातात असले की त्रास कमी होतो. मळमळ सुरू झाली की लगेच सांगा आणि सरळ उडा, लाजून दाबून धरलंत तर त्या दिवशीचं शिकणं तिथेच संपलं.