वेबसाइट बनवून दिल्यावर ग्राहकाला किती दिवसांची वॉरंटी द्यावी, आणि नंतरच्या सपोर्टचे पैसे कसे लावावेत?

साध्या साइटला ३० दिवस द्या. ऑनलाइन पैसे घेणारी साइट असेल तर ६०, कारण रिफंड, कूपन, जीएसटीचं बिल हे सगळं पहिल्या महिन्यात कुणी चालवून बघत नाही. पण दिवसांचा आकडा दुय्यम. वॉरंटी कशाची, ते कोटेशनमध्येच लिहा: 'ठरलेल्या यादीतलं काम यादीप्रमाणे चालत नसेल तर फुकट दुरुस्त करून मिळेल.' आणखी एक पान, वेगळा रंग, 'तेवढं व्हॉट्सअ‍ॅपचं बटण टाका ना', हे नवीन काम.

मुदत कधी सुरू होते तेही लिहा. ग्राहक मजकूर आणि फोटो द्यायला महिने लावतो. म्हणून 'साइट लाइव्ह झाल्यापासून, किंवा मंजुरीसाठी दाखवून १५ दिवस झाल्यापासून, यांतलं जे आधी होईल ते'.

नंतर बिघडतं ते बहुतेकदा तुमच्या कोडमुळे नसतं. वर्डप्रेसचं प्लगइन (जादा सोयीसाठी जोडलेला छोटा प्रोग्राम) अपडेट होतं आणि थीमशी, म्हणजे साइटच्या मांडणीशी, जमत नाही. होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर साइट असते तो) पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची, आवृत्ती बदलतो (७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला) आणि जुन्या प्लगइनमुळे पान पांढरं पडतं. डोमेनचे पैसे भरायचे राहतात. एसएसएल (साइटच्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) आपोआप रिन्यू व्हायचं अडतं, ब्राउझर इशारा दाखवतो आणि ग्राहक म्हणतो, 'साइट हॅक झाली!' यातलं काहीच वॉरंटीत बसत नाही, पण तसं दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी साइट सोपवतानाच फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या, आवृत्त्यांची यादी करा, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) त्या दिवशीच्या कोडला टॅग, म्हणजे खूण, लावा. ग्राहकाला रोजच्या कामाला एडिटर लॉगिन पुरतं. अ‍ॅडमिन मागितला तर द्या, साइट त्याचीच आहे, पण स्वतंत्र यूजर करून आणि अ‍ॅक्टिव्हिटी लॉग चालू ठेवून. डोमेन-होस्टिंग त्याच्याच नावावर हवं.

एक तक्रार मात्र खरोखर तुमची: फॉर्मचे मेल न येणं. पीएचपीच्या मेल फंक्शनवर सोडलं की मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात. एसएमटीपी लावा (म्हणजे मेल लॉगिन करून खऱ्या मेल सर्व्हरवरून जातात), डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी घाला (मेल खरंच या डोमेनचा आहे हे त्यांवरून तपासता येतं). पाठवणाऱ्याचा पत्ता साइटच्याच डोमेनचा ठेवा, भेट देणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये टाका.

वॉरंटीनंतर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. प्रकल्पाच्या किमतीच्या १५ ते २० टक्के, वर्षाचे आगाऊ. त्यात स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) तपासून अपडेट, होस्टिंगबाहेर बॅकअप, महिन्याला दोन तासांचे किरकोळ बदल. न वापरलेले तास पुढे जात नाहीत. उत्तर किती वेळात द्याल ते लिहा, दुरुस्ती किती वेळात होईल ते लिहू नका. पेमेंट गेटवे बंद पडला तर तुम्ही तरी काय करणार? एएमसी नको म्हणणाऱ्याला तासाचा दर आधीच सांगा, आणि पाच मिनिटांच्या कामालाही किमान एक तास लावा.