चंद्र एकच, पौर्णिमा दोन: २०२७चा ईस्टर

अथेन्सच्या सहलीचा बेत करताना तुम्हाला पडलेला प्रश्न थोडक्यात असा: २०२७मध्ये वसईत ईस्टर २८ मार्चला आणि अथेन्सला २ मे रोजी, असं का? आणि हे कधी एक होणार का?

आधी एक गैरसमज काढतो. वसईचे कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपला मानणारे, अथेन्सचे ऑर्थोडॉक्स म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चचे. दोघांचा नियम एकच आहे: वसंत संपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्यानंतरच्या) पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. सगळ्यांनी एकाच रविवारी सण करावा, हे ३२५ साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेतच ठरलं. भांडण आहे ते पंचांगाचं. आपल्याकडे टिळक पंचांगवाल्यांचे गणपती एखाद्या वर्षी महिनाभर आधी येतात ना, तसंच. गणपती तोच, चतुर्थीही तीच, फक्त अधिक मास वेगळा धरलेला.

आता २०२७च बघा. होळीची पौर्णिमा २२ मार्चला. रोमच्या १५८२च्या ग्रेगोरियन गणितात (आपलं रोजचं कॅलेंडर तेच) संपात २१ मार्चला धरतात, म्हणून ही पौर्णिमा चालते आणि पुढचा रविवार २८ मार्च. ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरपुरतं जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरतं. त्यातला २१ मार्च आपल्या ३ एप्रिलला उजाडतो, त्यामुळे होळीची पौर्णिमा बाद. पुढची हनुमान जयंतीची. ती आकाशात २०-२१ एप्रिलच्या रात्री आहे, पण त्यांच्या पौर्णिमांच्या जुन्या कोष्टकात चार-पाच दिवस मागे पडून २५ एप्रिलला येते. २५ला नेमका रविवार! नियम म्हणतो पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून थेट २ मे. ‘ऑर्थोडॉक्स लोक ज्यूंच्या वल्हांडण सणानंतरच ईस्टर करतात’ असं काही जण म्हणतात. त्या गणितात वल्हांडण कुठेच येत नाही. कोष्टक मागे पडलंय म्हणून तसं दिसतं, इतकंच.

भारतात हे फारसं जाणवत नाही, कारण केरळचे ऑर्थोडॉक्सही आपल्याच तारखेला ईस्टर करतात. मला कळलं ते आखातात नोकरीला असताना. २०२४मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला झाला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात केक नेला, तर इजिप्तचा कॉप्टिक (तिथल्या जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चचा) सहकारी हात जोडून म्हणाला, माझा उपास आहे. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. त्याचा ईस्टर ५ मेला. म्हणजे माझा येशू उठला होता आणि त्याचा अजून पाच आठवडे क्रुसाच्या वाटेवरच होता. हसलो दोघंही, पण जरा चुटपुट लागली.

एक होणार का? तोडगा १९९७पासून तयार आहे. सीरियातल्या अलेप्पोच्या बैठकीत सुचवलं गेलं की नियम निकियाचाच ठेवा, कोष्टकं दोघांचीही सोडा आणि जेरुसलेमच्या रेखांशावरून खरा संपात, खरी पौर्णिमा धरा. यात रोमलाही थोडं सरकावं लागतं. २०१९ला आपण २१ एप्रिलला ईस्टर केला, खऱ्या चंद्राप्रमाणे तो २४ मार्चला हवा होता. मला हाच मार्ग पटतो. ‘एप्रिलचा अमुक रविवार कायमचा ठरवून टाका’ ही सूचना सोयीची आहे, पण त्यात चंद्रच जातो. ब्रिटनने १९२८मध्ये तसा कायदाही केला, तो आजवर लागू झालेला नाही.

अडतंय ते आधी कोणी हलायचं यावर. ग्रीसच्या चर्चने १९२४मध्ये नाताळसारखे ठरलेल्या तारखांचे सण नव्या कॅलेंडरवर नेले, ईस्टरला हातही लावला नाही, तरी एक गट फुटला आणि आजही वेगळा आहे. रोमशी एकी साधताना घरातच दुफळी होईल, ही त्यांची धास्ती पोकळ नाही. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२५मध्ये सांगितलं की सगळ्यांना हवी ती तारीख कॅथलिक चर्च स्वीकारायला तयार आहे. खुद्द ग्रीसमधले कॅथलिक तर आजही ऑर्थोडॉक्स तारखेलाच ईस्टर करतात आणि फिनलंडचे ऑर्थोडॉक्स आपल्या तारखेला. शेजाऱ्यांबरोबर सण करायचा म्हटलं की जमतं.

तुमच्या अथेन्सच्या सहलीचं म्हणाल, तर २ मे धरूनच तिकिटं काढा. शनिवारी मध्यरात्रीच्या आधी चर्चबाहेर मेणबत्ती घेऊन उभे राहा. दोन्हीकडचा ईस्टर एकाच दिवशी हवा असेल तर २०२८ला जा, तेव्हा तो १६ एप्रिललाच आहे.